‘हे कधीच बदलणार नाही’

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर आवाज थोडा कमी ठेवा, पुढचा स्टॉप चुकेल. आणि जे ऐकण्यापेक्षा वाचणाऱ्या पार्टीतले आहेत, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलताना आलेले शंभर ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ गाळलेत, बाकी बोललो तसंच आहे.

ह्या नोव्हेंबरात मी तीस पूर्ण करतोय. घाबरू नका, ‘तिशीच्या आत शिकलेले दहा धडे’ वगैरे काही नाही. मला अजून तीन धडे पण सापडलेले नाहीत. आज एका कमेंटबद्दल बोलायचंय. इन्स्टावरची नाही, कोडमधली.

मी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममध्ये आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, आठवतंय? १२ टक्क्यांचा टप्पाच काढून टाकला, त्यातल्या बऱ्याच वस्तू ५ वर आल्या. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना तो आठवडा चांगलाच आठवत असेल. आमच्याकडेही रात्र-रात्र टेस्टिंग चाललं होतं. बाकी सगळीकडे नवे दर नीट येत होते, फक्त एका जुन्या रिपोर्टमध्ये १२ च येत होतं. कितीही सेटिंग बदला, १२.

टीममध्ये नवीन लागलेली एक मुलगी आहे, बावीस वर्षांची, हुशार. तिनं ते शोधून काढलं. सकाळच्या स्टँडअपला म्हणाली, “कुणीतरी दर हार्डकोड केलाय. आणि वर कमेंट टाकलीये, ‘धिस विल नेव्हर चेंज’.” सगळे हसले. मी पण हसलो. म्हटलं, काय एकेक लोक असतात!

मग तिनं स्क्रीन शेअर करून गिट ब्लेम लावलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोडची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली हे दाखवणारी ती कमांड आहे. गावात पारावर बसलेली माणसं हेच काम फुकट करतात. तारीख आली जून २०१९. नाव माझं.

आता कोड चुकणं हे रोजचं आहे, त्याचं काही नाही. दहा मिनिटांत दुरुस्त झालं. पण ती कमेंट माझ्या डोक्यातून जाईना. जीएसटी लागू झाला १ जुलै २०१७ ला. म्हणजे मी ते लिहिलं तेव्हा तो करच जेमतेम दोन वर्षांचा होता, आणि त्या दोन वर्षांतही दर बदललेले होते. कशाच्या जोरावर मी लिहिलं की हे कधीच बदलणार नाही? आणि मजा म्हणजे, लिहिणारा मुलगा मला आठवतच नाही. लॅपटॉप आठवतो, हिंजवडीतल्या मेसची पातळ आमटी आठवते, तो नाही आठवत.

आमच्या धंद्याला हा रोग जुनाच आहे म्हणा. तुम्ही वायटूके ऐकलं असेल. जुन्या काळात कॉम्प्युटरची मेमरी महाग, पंचकार्डावर ८० रकाने, त्यामुळे वर्ष लिहिताना १९ गाळून नुसतं ६७, ६८ असं लिहायचे. लिहिणाऱ्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांना वाटलं, २००० सालापर्यंत हा प्रोग्रॅम कोण वापरतंय! लोक वापरत होते. मग शेवटच्या काही वर्षांत जगभर धावाधाव झाली, आणि आपल्या आयटी कंपन्यांना भरपूर काम मिळालं. म्हणजे त्यांच्या चुकीवर आपली पोटं भरली, तक्रार करायला जागा नाही.

पुढचा नंबर १९ जानेवारी २०३८ चा आहे. बऱ्याच जुन्या सिस्टिममध्ये वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, आणि तो आकडा ३२ बिटांच्या डब्यात ठेवलेला असतो. त्या डब्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आपल्या घड्याळात त्या दिवशी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की डबा भरला. पुढच्या सेकंदाला ज्या सिस्टिम दुरुस्त झालेल्या नसतील त्यांना वाटेल की डिसेंबर १९०१ चालू आहे. तेव्हा मी एकेचाळीस वर्षांचा असेन. एकेचाळीस! हा आकडा उच्चारताना मला वाटतं मी दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

आणि हे नुसतं मलाच वाटत नाही. जानेवारी २०१३ मध्ये ‘सायन्स’ नावाच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन हे तिघं मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना साधारण दोन प्रश्न विचारले. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात? आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? स्वभाव, आवडीनिवडी, आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं, सगळं. उत्तर मोठं गमतीचं आलं. जवळजवळ प्रत्येक वयाची माणसं म्हणाली, मागे खूप बदललो, पुढे फारसं नाही. म्हणजे अठरा वर्षांच्याला वाटतं आता आपण पूर्ण झालो, आणि पन्नाशीच्या माणसालाही तेच वाटतं.

त्यात एक प्रश्न पैशांचा होता. आज तुमचा जो आवडता बँड आहे, तो दहा वर्षांनी ऐकायला आज किती पैसे द्याल? लोक सरासरी १२९ डॉलर म्हणाले. आणि दहा वर्षांपूर्वी जो आवडता होता, तो आज ऐकायला? ८० डॉलर.

मी हे स्वतःवर लावून बघितलं. अकरावी-बारावीत माझा देव होता हनी सिंग. आईशप्पथ, मी तेव्हा लिहून दिलं असतं की चाळिशीतही हेच ऐकणार. आता रविवारी सकाळी मंडईत जायच्या आधी मी भीमसेन जोशींचे अभंग लावतो. कुणी सांगितलेलं नाही, पुण्य वगैरे मिळवायचं नाही, आपोआप लावले जातात. आणि मंडईत जायला आवडतं, हे त्याहून भयंकर! मेथी निवडून घेतो मी. बावीसच्या मला हे दाखवलं असतं तर त्यानं ब्लॉक केलं असतं.

एक सांगतो, नाहीतर तुमच्यातलेच कुणीतरी खाली लिहितील. ह्या अभ्यासात बहुतेक ठिकाणी तीच माणसं दहा वर्षांनी परत तपासलेली नाहीत. वीस वर्षांच्यांचं भाकीत आणि तीस वर्षांच्यांची आठवण शेजारी ठेवून बघितली आहे. आठवणीत गडबड असू शकते. तेव्हा हे काही न्यूटनचे नियम नाहीत. पण मला तो पटायला माझा स्वतःचा पुरावा होता, तो पण त्याच महिन्यातला. जून २०१९.

त्या महिन्यात मी अजून एकदा ‘कधीच’ म्हणालो होतो. ते गिटमध्ये नाही.

आमचं गाव साताऱ्याच्या खटाव तालुक्यात. दुष्काळी पट्टा. जिहे-कठापूर योजनेचं पाणी येणार हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत कंडक्टर. शेत तीन एकर. २०१८ चा पावसाळा कोरडा गेला होता, विहिरीनं तळ दाखवलेला, आणि वर्षाअखेरीला ताईचं लग्न. (ताई म्हणत होती साधं करा. तिचं कुणी ऐकलं नाही. त्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू.) तर अण्णांचा दुपारी फोन आला. मी कँटीनच्या लाइनीत ताट घेऊन उभा. अण्णा म्हणाले, “शेजारचा जमीन मागतोय. काय करू? तुला लागंल का पुढं?”

मी म्हणालो, “विका की. मी कधीच येणार नाहीये तिकडं. मी काय नांगर धरणार आहे का?”

ते म्हणाले, “बरं.” फोन बंद. सगळा मिळून मिनिटभराचा कॉल. तेवढ्यात माझा नंबर आला आणि मी काउंटरवर पनीर आहे का विचारलं.

आज बघतो तेव्हा मला त्या उत्तरापेक्षा तो मिनिटभर जास्त टोचतो. नवीन मोबाईल घेताना मी आठ दिवस रिव्ह्यू बघतो. त्यात वडिलांनी मला विचारलं होतं ते माझ्यासाठी नव्हतंच खरं. ते विचारत होते तीस-चाळीस वर्षांच्या माणसाबद्दल, आणि त्या माणसाच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं ह्या बावीसच्या शहाण्यानं, ताट हातात धरून.

वर्षं गेली. शेत विकलं, लग्न झालं, विषय संपला. मी सणाला गावी जायचो, घरी झोपायचो, परत यायचो. शेताकडं जायचं काही कारणच नव्हतं, आपलं राहिलंय काय तिथं?

मग मागच्या वर्षी ऑफिसातल्या चौघांनी टूम काढली, मुळशीकडं थोडी शेतजमीन घेऊ, चौघांत मिळून. मी पण उडी मारली. एजंट भेटायला आला, त्यानं चहा प्यायच्या आधी पहिला प्रश्न विचारला, “शेतकरी कोण कोण आहे? सातबारा आहे ना घरचा?” मी म्हणालो, होता, विकला. तो म्हणाला, “मग तुमचं अवघड आहे सर.”

तुम्हाला हे माहीत असेल-नसेल. शेतजमीन म्हणजे फ्लॅट नव्हे, पैसे टाकले आणि घेतली असं होत नाही. आमच्या भागाला लागू असलेला १९४८ चा कुळकायदा आहे, त्याचं कलम ६३. जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकायची तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती काही मागितली की मिळते असं नाही. म्हणजे शेवटचा तुकडा विकला की तुम्ही नुसती जमीन विकत नाही, परत घ्यायचा दरवाजाही जवळजवळ बंद करता. आमच्या भाषेत सांगायचं तर डिलीट आहे, रोलबॅक नाही. आणि ते बटण मी कँटीनच्या लाइनीत दाबलं होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. आता प्रामाणिकपणे सांगतो, मला शेती करायची नाहीये. तेव्हाही नव्हती, आजही नाही. मला ज्वारी आणि बाजरीचं शेत लांबून ओळखू येत नाही. पण पणजोबांपासून जे नाव सातबाऱ्यावर लागत आलं ते माझ्या एका वाक्यानं गेलं, आणि ते परत लावायची सोय नाही, हे काही केल्या पचेना. अंथरुणात पडून मी कलम ६३ वर व्हिडिओ बघत होतो. रात्री दोन वाजता. तिशीत लोक हेच करतात बहुतेक.

सकाळी अण्णांना फोन केला. “अण्णा, आपण आता शेतकरी राहिलो नाही का?”

“का? कोण म्हणतंय?”

“शेत विकलं ना आपण.”

“माळाचा गट इकला. विहिरीचा हाय की.”

मला कळेचना. मी परत विचारलं. तेव्हा कळलं की आमचे गट दोन. माळाचा दोन एकरांचा विकला. विहिरीचा एकराचा ठेवला. गट नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला. मी फोन चालू ठेवून लॅपटॉपवर महाभूलेख उघडलं, जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला, कॅप्चा दोनदा चुकला, आणि आलं. अण्णांचं नाव. पिकाच्या रकान्यात हरभरा.

मी म्हणालो, “मला सांगितलं का नाही?”

“तू इचारलं कुठं?”

खरंच. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. मग थोडं थांबून ते म्हणाले, “तू इका म्हणलास तवा बावीस वर्साचा हुतास. बावीस वर्साच्या पोराचं ऐकून कुणी समदं इकतं व्हय?”

मंडळी, ‘सायन्स’मधला अख्खा पेपर ह्या एका वाक्यात बसतो. आणि वाक्य बोलणारा माणूस आयुष्यभर तिकिटं फाडत होता. पण त्यांना हे कुणी शिकवलं? ते मी गावी गेल्यावर विचारलं. मुद्दाम गेलो पुढच्या शनिवारी. आईनं आधी तिचा हिशोब सांगितला, की व्यवहार ठरला तेव्हा अण्णा दोन रात्री अंगणात बसून होते. मग अण्णा बोलले, तेही माझ्याबद्दल नाही, आजोबांबद्दल.

खटाव-माणमधून मुंबईला जाणं ही जुनी वाट आहे, दुष्काळानं पाडलेली. कुणी माथाडीत गेलं, कुणी गिरणीत. आमचे आबा लालबागच्या एका गिरणीत होते. विशीत गेले, चाळीला राहिले, कायम झाले. एका वर्षी गणपतीला गावी आले तेव्हा भावाला म्हणाले, माझा वाटा तू घे, मी आता मुंबईचा झालो, मी काही परत येत नाही. कागद करायची तयारी होती. पणजीनं मोडता घातला. तिनं काही मोठा युक्तिवाद केला नाही, नुसती जेवली नाही. दोन दिवस. आबा चिडून मुंबईला निघून गेले, आणि कागद राहिला.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. तो संप तुम्हाला सिनेमांतून माहीत असेल. आमच्या घरात तो असा माहीत आहे की एका संध्याकाळी आबा पत्र्याची ट्रंक घेऊन एसटीतून उतरले. वय चव्वेचाळीस. ‘परत येत नाही’ म्हणून गेलेला माणूस त्या तीन एकरांवर आला, म्हणून घर उभं राहिलं. अण्णा तेव्हा अठरा वर्षांचे. त्यांनी ती ट्रंक डोक्यावरून घरी आणली होती.

“आबा खोटं बोलत नव्हतं,” अण्णा म्हणाले, “त्या वक्ताला त्यास्नी तसंच वाटत हुतं.”

संध्याकाळी आम्ही विहिरीकडं गेलो. मी स्पोर्ट्स शूज घालून. वाटेत चिखलात एक पाय गेला, पांढऱ्या बुटाचा पार रंग बदलला. अण्णांनी बघितलं, बोलले काही नाहीत. विहिरीत पाणी होतं, बऱ्यापैकी. हरभरा ज्यानं वाट्यानं केलाय त्या काकांनी मला विचारलं, “कोन, धाकलं मालक का?” आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मालक म्हणालं. मी सॅलरी स्लिपवरचा माणूस, मला कसनुसंच झालं.

तुमच्यातले काही म्हणतील, म्हणजे वडिलांचं बरोबर, आपलं चूक, नेहमीचं पुराण. थांबा. कारण आता पाळी त्यांची आहे.

अण्णा २०२२ ला, अठ्ठावन्न झाल्यावर रिटायर झाले. तेव्हापासून मी म्हणतोय, दोघं पुण्याला या. आईचे गुडघे दुखतात, दवाखान्याला तिथून वडूज, तिथून सातारा. अण्णांचं उत्तर ठरलेलं, “पुण्यात? म्या? जन्मात न्हाय ऱ्हायचो.” कधीच नाही. आवाजही तोच, जो माझा होता कँटीनमध्ये.

ह्या वेळी माझ्याकडं हत्यार होतं. मी त्यांना तो अभ्यास सांगितला, मराठीत, हरभरा खात-खात. सांगितलं की वयाबरोबर बदलाचा वेग कमी होतो खरा, पण साठीच्या लोकांचाही अंदाज कमीच पडतो. ते बदलतात, फक्त त्यांना वाटत नाही. अण्णा ऐकून घेतात सगळं, ती कंडक्टरची सवय आहे. मग म्हणाले, “म्हंजी म्हाताऱ्याचंबी बावीस वर्सावानीच?”

म्हणालो, “पेपर तसंच म्हणतो.”

आई चुलीपासून म्हणाली, “दहा वर्सापूर्वी मोबाईलला हात लावायचे नाहीत. आता पहाटं पाचला गुड मॉर्निंगचे फुलं पाठवतात गावाला.” अण्णा गप्प.

मग मी एक केलं. ‘राहायला या’ म्हणणं सोडलं. घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, विहिरीचा तुकडा जिथं आहे तिथं. किल्ली शेजारी ठेवा, आठ दिवस या, आईचे गुडघे दाखवू, नाही पटलं तर मी स्वतः स्वारगेटला सोडतो. परत फिरता येईल असं काहीतरी. अण्णा म्हणाले, “आठ दिवस. नववा न्हाय.”

तर आले. पहिले दोन दिवस हॉलमध्ये बसून होते, लिफ्टमध्ये कुणी बोलत नाही म्हणून नाराज. तिसऱ्या दिवशी पीएमपीचा पास काढला. तेव्हापासून सकाळी चहा झाला की हे बाहेर. कात्रज, निगडी, हडपसर, जी बस येईल ती. संध्याकाळी आल्यावर रिपोर्ट: कुठल्या कंडक्टरनं सुट्टे दिले नाहीत, कुठली गाडी घंटा व्हायच्या आधी निघाली, कुणाला प्रवासी उतरवायची अक्कल नाही. एका तरुण कंडक्टरला त्यांनी पुढच्या स्टॉपपर्यंत समजावून सांगितलं म्हणे. तो म्हणाला, काका, तुम्ही उद्या पण या.

आईचे गुडघे डॉक्टरांना दाखवून झाले, औषधं चालू आहेत, पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

हे रेकॉर्ड करतोय तेव्हा अण्णा आतल्या खोलीत उद्याचा रूट बघतायत, माझ्याच मोबाईलवर, म्हणून मी हे लॅपटॉपच्या माइकवर बोलतोय. आवाज थोडा फाटका आला असेल तर समजून घ्या. आज त्यांचा एकोणिसावा दिवस आहे. मी विषय काढलेला नाही, आणि आईलाही काढू नको म्हणून सांगितलंय.